माझ्या स्टेपनीमागचा मेहुणा

सव्वा वर्ष मी माझ्या सख्ख्या मेहुण्याला रोज सकाळ-संध्याकाळ माझ्या स्कूटरचा धूर पाजला, आणि त्यातून त्याला जो खोकला झाला त्यावर औषधही मीच देत होतो.

आता हे एका वाक्यात मावलं. तेव्हा ते माझ्या ध्यानात यायला सव्वा वर्ष लागलं. डोकं या वेगाने चालणारा माणूस त्या काळात ओझरच्या अलीकडच्या एका लहानशा कारखान्यात इन्स्पेक्शनला होता, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेत होता. टर्नरने बनवून आणलेला तुकडा हातात घ्यायचा, मायक्रोमीटर लावायचा, आणि केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका फरक निघाला तरी लाल खडूने फुली मारून परत पाठवायचा. लोक मला टरकून असत. कँटीनमध्ये मी कप उचलला की कोणीतरी हळूच म्हणायचं, "साहेब, चहा मापात आहे ना?"

पेट्रोल पंपावर मात्र माझं माप सुटायचं. त्या काळच्या स्कूटरला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागे. (दोन हजार सालानंतर त्या स्कूटरी हळूहळू दिसेनाशा झाल्या, त्यामुळे हे सांगावं लागतं.) पंपावर काचेचं एक नळकांडं असायचं. पंपवाला त्याचा दांडा दाबून लिटरमागे ठरलेलं ऑइल टाकीत सोडायचा आणि विचारायचा, "बास ना साहेब?"

"अजून एक मार."

"जास्त होईल."

"इंजिन तुझं आहे का माझं?"

माझं गणित सरळ होतं. पैलवानाला तूप, तसं इंजिनाला तेल. शिवाय डिकीत मी ऑइलची एक बाटली ठेवत असे आणि मनात आलं की त्यातलं एक झाकण वरून टाकत असे. हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. माझा स्वतःचा शोध होता. इंजिन आवाज करत नाही, तापत नाही, लोण्यासारखं चालतं, असं मी चारचौघांत सांगायचो. ते मागे काय सोडतं हे मला माहीत असण्याचं कारणच नव्हतं, कारण मी कायम पुढे असायचो.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचा सुमार. आम्ही नाशिकच्या उपनगर भागात राहायचो. आमच्या कॉलनीतून त्या कारखान्यात आम्ही पाच जण जायचो, पाच स्कूटरी, आणि त्यांची एक रांग ठरलेली. सव्वासातला कोपऱ्यावरच्या टपरीजवळ जमायचं, मी पुढे आणि बाकीचे माझ्यामागे एकाच्या पाठीमागे एक. द्वारका चौक ओलांडायचा, आडगाव नाका, मग महामार्ग. द्वारकेला मुंबईकडून, पुण्याकडून, धुळ्याकडून येणारी सगळी वाहतूक एकमेकांच्या तोंडात तोंड घालून उभी असायची. ट्रक, टेम्पो, एसटी, आणि रॉकेल मिसळून चालणाऱ्या रिक्षा. त्या गर्दीतली फट शोधून आरपार निघणं ही माझी खासियत होती, असं माझं मत होतं. मागच्यांसाठी एकच नियम केलेला: पुढच्याची स्टेपनी सोडायची नाही. स्कूटरच्या पाठीला जे जादा चाक लावलेलं असतं, त्यावर नजर ठेवून गपचूप मागे यायचं. मध्ये रिक्षा घुसता कामा नये.

वर्षभरात माझ्या मागचे एकेक कमी झाले. एकाने सांगितलं की मुलाला शाळेत सोडायचं असतं, लवकर निघतो. दुसरा कंबरेचं दुखणं सांगून एसटीने जायला लागला. तिसरा टपरीजवळ भेटायचा, पण ऐन निघताना त्याला पान खायची आठवण व्हायची. चौथ्याने तर कारणही दिलं नाही. मी बायकोला म्हटलं, "माझा वेग झेपत नाही त्यांना."

माझ्या मागची जागा अशी रिकामी झालेली असताना मेहुणा देवळ्याहून आला.

बायकोचा धाकटा भाऊ. आयटीआय केलेला, चोवीस वर्षांचा, सडसडीत, बोलायला गमत्या. आमच्याच कारखान्यात त्याला ट्रेनी म्हणून चिकटवलं होतं. चौदा महिने काम पाहणार, मग डॉक्टरी तपासणी, ती पास झाली की कायम. हे कायम होणं त्याच्यासाठी फार मोठं होतं. देवळ्याला कांद्याची शेती होती, पण ती पाहायला दोन थोरले भाऊ होते आणि दोघांचे संसार तिच्यावर चालले होते. हा तिसरा परत गेला असता तर त्याच्या वाट्याला, त्याच्याच भाषेत, "बांधावरचं गवत" आलं असतं. त्याला पाठवताना सासूबाईंनी मला बजावलं होतं, "जावईबापू, तुमच्या मागं लावून देतेय पोराला."

मी ते शब्दशः पाळलं.

तो माझ्या मागे स्कूटरवर बसून आला असता तर हा लेखच झाला नसता. पण सुट्टीच्या आदल्या दिवशी तो कारखान्यातूनच परस्पर देवळ्याला निघायचा, म्हणून त्याला स्वतःची गाडी लागायची. भावाची जुनी मोटरसायकल घेऊन आला होता. पहिल्याच दिवशी मी त्याला नियम सांगितला.

"माझी स्टेपनी सोडायची नाही."

"नाय सोडत, दाजी."

पोरगा शब्दाचा पक्का. उन्हाळा असो, थंडी असो, तो माझ्यामागे हाताच्या अंतरावर. मी आरशात पाहायचो तर दिसायचं काहीच नाही, आरसा कायम धुरकट. तो मी गेटवर उतरलो की रुमालाने पुसायचो आणि द्वारकेला शिव्या द्यायचो.

तीनेक महिन्यांत त्याला खोकला लागला. आधी सकाळी कामावर पोहोचल्यावर थोडा वेळ, मग दुपारपर्यंत, मग दिवसभर. डोळे लाल, डोकं जड, छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज. बायको काळजीत पडली. मी तपासनीस, म्हणून तपास हाती घेतला. तो अंघोळीला गेला असताना त्याचा शर्ट हुंगला. धुराचा भपकारा आला! केस सुटली.

"खरं सांग, कधीपासून ओढतोस?"

"काय?"

"बिडी. शर्ट बोलतोय तुझा."

"वणीच्या देवीची शप्पथ दाजी, आयुष्यात कधी लावली नाय तोंडाला!"

"मग हा वास कुठला?"

त्याने स्वतःचा शर्ट हुंगला, मग माझ्याकडे पाहिलं, मग शर्ट बालदीत टाकला. "असंल द्वारकेचा," तो म्हणाला.

द्वारकेचा! मला एकदम पटलं. त्या दिवसापासून द्वारका ही माझी वैरीण झाली. जेवताना, कामावर, लग्नात, कुठेही मी वाहनांच्या धुरावर बोलायला लागलो. रॉकेलवाल्या रिक्षा कशा बंद पाडल्या पाहिजेत, ट्रक बाहेरून कसे वळवले पाहिजेत, गाडीवरून जाणारा माणूस बसमधल्या माणसापेक्षा कसा थेट नळीला तोंड लावून चाललेला असतो. यातलं शेवटचं अगदी खरं होतं. फक्त कोणाच्या नळीला, एवढाच तपशील राहिला होता.

उपायही मीच काढले. सकाळी अडुळशाचा काढा, दुपारी ज्येष्ठमध, संध्याकाळी हळदीचं दूध. आणि द्वारकेसाठी खास युक्ती: चौक आला की श्वास धरायचा, पार झाला की सोडायचा.

"किती वेळ धरायचा, दाजी?"

"मी हात वर करेपर्यंत."

दुसऱ्या दिवशी नेमका चौकात एक ट्रक आडवा झाला. मी फट शोधण्यात गुंतलो आणि हात वर करायचं विसरलो. आडगाव नाक्याजवळ आठवण झाली, मागे पाहिलं तर मेहुणा नाही. परत फिरलो. तो रस्त्याकडेला गाडी लावून गुडघ्यांवर हात टेकून उभा होता, आणि एक रसवंतीवाला त्याला पाणी देत होता.

"सोडायचा ना श्वास!" मी म्हटलं.

"तुम्ही हात कुठं वर केला?"

मग रुमालाचा प्रयोग आला. हा प्रयोग मला फार शास्त्रीय वाटला. दोघांनी रोज एकेक पांढरा स्वच्छ रुमाल नाकातोंडावर बांधायचा आणि संध्याकाळी बायकोने ते तपासायचे. नाशिकची हवा रुमालावर उतरवून लोकांना दाखवायची असा माझा बेत होता. पहिल्या आठवड्यातच निकाल लागला. माझा रुमाल राखाडी, धूळ बसलेला. त्याचा काळा, आणि वर तेलकट डाग. बायकोने दोन्ही दोरीवर शेजारी शेजारी वाळत घातले आणि मला हाक मारली.

"अहो, तुम्ही दोघं एकाच रस्त्याने जाता ना?"

"एकाच."

"एकाच वेळी?"

"मागेपुढे. का?"

"मग तुमचा साबणाने निघतो आणि याचा सोड्यात उकळूनही निघत नाही, असं कसं?"

मी थोडा विचार केला. हातात मायक्रोमीटर धरणारा माणूस विचार केल्याशिवाय बोलत नाही. मग म्हणालो, "खेड्यातली फुप्फुसं आहेत. खोल श्वास घेतो तो."

बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि चिमटे लावले.

पुरावे चहूबाजूंनी येत होते. मला ताप आला आणि मी आठवडाभर घरी राहिलो, तर याचा खोकला निम्म्यावर आला. मी म्हटलं, काढा लागू पडला. देवळ्याला दोन दिवस राहिला की छाती मोकळी. तिथे कांद्याच्या चाळीत टरफलं उडतात, धूळ असते, तरी एक ठसका नाही. सासूबाईंनी निरोप धाडला, "हिथं पोरगा बरा ऱ्हातो, तुमच्याकडं आला का खोकतो. खाऊ काय घालता त्याला?" सासूबाई एरवी आमच्याशी मराठीत बोलायच्या, रागावल्या की अहिराणीवर यायच्या. निरोप मराठीत होता, म्हणून मी तो मनावर घेतला नाही.

आणि मग तपासणी आली.

कारखान्यात डॉक्टर आले. उंची, वजन, डोळे, सगळं पास. मग त्यांनी एक नळी दिली, तिच्यात जोरात फुंकायला सांगितलं. मेहुण्याने फुंकलं आणि मध्येच खोकला. पुन्हा फुंकलं, पुन्हा खोकला. तिसऱ्यांदा डॉक्टरांनीच थांबवलं. श्वासाच्या नळ्या सुजल्यात, म्हणाले. बिडी-सिगारेट नाही ना? मग धुरात काम करतोस का? घरी चूल आहे का? तो म्हणाला, काहीच नाही. डॉक्टरांनी कागदावर लाल पेनाने शेरा मारला: तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. तोवर कायम करता येणार नाही, आणि तेव्हाही असंच निघालं तर ट्रेनी म्हणूनही थांबवतील, हे मॅनेजरांनी तोंडी सांगितलं.

लाल फुली मारायची मला सवय होती. घरातल्या माणसावर मारलेली पहिल्यांदाच पाहत होतो.

त्या संध्याकाळी तो गमतीचं एक अक्षर बोलला नाही. जेवताना एवढंच म्हणाला, "ताई, बांधावरचं गवतबी कापायला श्वास लागतो." बायको उठून आत गेली. मी ताटात पाहत बसलो आणि ठरवलं, आता पोराला जिवापाड जपायचं.

जपायचं म्हणजे काय केलं? त्याला सांगितलं, "उद्यापासून माझ्या अजून जवळ राहा. अगदी चिकटून. म्हणजे बाजूच्या ट्रकचा धूर तुझ्यापर्यंत येणार नाही." आणि चौकात इंजिन बंद पडून आपण धुरात अडकायला नको, म्हणून मी ऑइलचं आणखी एक झाकण वाढवलं.

पंधरा दिवसांनी आडगावच्या पुढे तो माझ्यामागून नाहीसा झाला. परत आलो तेव्हा तो मोटरसायकलच्या टाकीवर डोकं टेकून बसला होता. बोलता येत नव्हतं. ओठ निळसर पडले होते, आणि छातीतून शिट्टी मला हातभर अंतरावरून ऐकू येत होती. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो, कारण दुसरं काही सुचेना. दहा मिनिटांनी त्याचा श्वास जागेवर आला. त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, "दाजी, दुसरं काम बघू का? नाय जमत मला शहर."

मी घाबरलो होतो, एवढं आठवतं.

ज्या गोष्टीने मला अक्कल आली, ती म्हणजे कांद्याचं पोतं. कारखान्यातल्या चार जणांनी त्याच्याकडे देवळ्याचे कांदे मागितले होते. तो सुट्टीहून येताना अर्धं पोतं मोटरसायकलला बांधून घेऊन आला. येताना वाटेत कारखाना लागला होता, पण सुट्टीमुळे गेट बंद, म्हणून कांदे कारखान्यावरून आमच्या घरी आले आणि सकाळी परत कारखान्याकडे निघाले. ते बांधून आणताना मोटरसायकलची मागची पट्टी तुटली, म्हणून पोतं स्कूटरच्या पुढ्यात पायांच्या मध्ये ठेवायचं ठरलं. मी बसून पाहिलं. माझं पोट आणि कांद्याचं पोतं ही दोन्ही एका जागी मावेनात. हँडल वळलं की पोतं पोटाला लागे.

"उतरा दाजी," मेहुणा म्हणाला, "यातलं एकच जाईल. कांदे लोकांचे हाये."

तो माझ्या स्कूटरवर पुढे बसला आणि मी त्याच्या मोटरसायकलवर. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या स्टेपनीच्या मागे लागलो.

तिला बायकोने पडद्याच्या उरलेल्या कापडाचं कव्हर शिवलं होतं, पिवळ्यावर लाल फुलं. कॉलनीच्या कोपऱ्यावर मला वाटलं, हे कव्हर आपलं नाही. फुलं होती, पण वरच्या अर्ध्या भागात. खाली डांबर फासल्यासारखं काळं. पाचच मिनिटांत माझे डोळे झोंबायला लागले. द्वारकेला पोहोचेपर्यंत घशात कोणीतरी फोडणी करतंय असं वाटू लागलं, आणि समोर निळसर पांढरा लोट. शेजारी एक रिक्षा उभी होती. मी खोकत खोकत तिच्यात डोकं घातलं.

"अरे, लाज वाटत नाही? रॉकेल जाळता आणि लोकांची फुप्फुसं जाळता!"

रिक्षावाला आरामात मागे टेकून बसला होता. म्हणाला, "काका, माझी गाडी बंद हे. सिग्नलला मी बंदच ठेवतो."

"मग हा धूर कोणाचा?"

त्याने हनुवटीने समोर दाखवलं. "ती फुलाफुलाची स्कूटर. रोज जाते सकाळची. आम्ही तर तिला 'धुरीवाली' म्हणतो, डास मारायला आल्यासारखी. ती आली का आम्ही पडदा सोडतो."

 समोर माझा मेहुणा माझ्या स्कूटरवर ताठ बसला होता, पायांत कांदे, आणि सिग्नल सुटताच त्याने नियमाप्रमाणे फट शोधून मला मागे यायची खूण केली. मी गेलो मागे. आडगावपर्यंत मी तीनदा थांबलो. कारखान्याच्या गेटवर पोहोचलो तेव्हा तो पोतं उतरवत होता आणि शीळ वाजवत होता.

"दाजी, आज द्वारका लय मोकळी वाटली! एकदाबी खोकलो नाय. तुम्हाला काय झालं? डोळे लाल दिसत्यात."

"कांदे," मी म्हणालो.

हो, मी तेव्हाही खरं बोललो नाही. संध्याकाळी काम आहे असं सांगून स्कूटर एका मेकॅनिककडे नेली. त्याने सायलेन्सर काढून उलटा केला आणि बोटभर काजळी फरशीवर ओतली. बोटाने चोळून पाहिली. मग शांतपणे विचारलं, "साहेब, गाडी चालवता का भजी तळता?" मी त्याला माझ्याकडचं धुराच्या तपासणीचं प्रमाणपत्र दाखवलं. ते एका ओळखीच्या माणसाने, नळी न लावता, मैत्रीखातर लिहून दिलेलं होतं. मेकॅनिकने ते घडी करून मला परत दिलं. सायलेन्सर जाळात टाकून साफ केला, डिकीतली बाटली काढून स्वतःकडे ठेवली आणि सांगितलं की पंपवाला देईल तेवढंच ऑइल घाला, तो तुमच्यापेक्षा कमी शिकलेला आहे.

दुसऱ्या दिवशी मी मेहुण्याला म्हटलं, "आजपासून तू पुढे. कायम व्हायचंय तुला, पुढे राहायची सवय लागली पाहिजे." त्याला ते इतकं भारी वाटलं की त्याने शर्ट खोचून घेतला. आता मी मागे, तो पुढे, आणि मध्ये चांगलं चार गाड्यांचं अंतर. द्वारका टाळून गल्ल्यागल्ल्यांतून जाणारा एक लांबचा रस्ताही आम्ही शोधला. दहा मिनिटं जास्त लागायची, पण मी घरून दहा मिनिटं आधी निघायला कुरकुर केली नाही. द्वारका काही माझ्या स्कूटरमुळे तशी झालेली नव्हती, ती माझ्याशिवायही तशीच राहिली. पण माझा त्यातला वाटा पोराच्या नाकासमोर होता.

महिन्याभरात खोकला सकाळपुरता उरला. मग तोही गेला. छातीतली शिट्टी शेवटची गेली. रुमाल दोघांचेही राखाडी निघायला लागले, आणि बायको ते दोरीवर घालताना गाणं गुणगुणायला लागली, ते मला अजिबात आवडलं नाही. आमच्या रांगेतले जुने एकेक करून परत आले. ऐन निघताना पान आठवणारा तो तिसरा मला म्हणाला, "तुला सांगायचं कसं, हाच प्रश्न होता. इन्स्पेक्शनवाल्याला फुली कोण मारणार?"

तीन महिने झाले. डॉक्टरांनी नळी दिली. मी दाराबाहेर उभा होतो आणि श्वास धरला होता. मेहुण्याने फुंकलं ते थांबेचना. डॉक्टर म्हणाले, "अरे बास, नळी परत दे!" पुढच्या आठवड्यात कायम झाल्याचं पत्र हातात आलं.

सासूबाई स्वतः देवळ्याहून आल्या. येताना पेढे, आणि पिशवीत नारळ, टोपी, टॉवेल. मला खुर्चीवर बसवलं. बायको, मेहुणा, दोन शेजारणी, सगळे उभे. सासूबाईंनी मला कुंकू लावलं, डोक्यावर कडक पांढरी टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. म्हणाल्या, "पोराला छातीचं दुखणं झालं, तर जावईबापूंनी सव्वा वर्ष काढे पाजले. सख्खा बाप करत नाय एवढं केलं." शेजारणी कौतुकाने माझ्याकडे पाहत होत्या. मी मान खाली घालून विनयाने हसत होतो, आणि खरं सांगतो, दोन मिनिटं मला ते सगळं पटलंसुद्धा होतं.

मग माझी नजर बायकोकडे गेली. ती दारात उभी होती आणि तिच्या हातात एक घडी केलेला रुमाल होता. काळा. सोड्यात उकळूनही न निघालेला. तिने तो जपून ठेवला होता.

मी टोपीसकट सगळं सांगून टाकलं. ऑइलची झाकणं, स्टेपनी, द्वारका, रिक्षावाला, भजी, सगळं. सांगताना मी ते जरा विनोदी करायचा प्रयत्न केला, पण कोणी हसेना. एकटा मेहुणा हसला, तोही तोंडावर हात घेऊन. सासूबाई टक लावून माझ्याकडे पाहत होत्या.

"म्हंजी," त्या सावकाश म्हणाल्या, "तुम्ही याच्या पुढं नसते, तर हा खोकलाच नसता?"

"नसता."

"आन् काढे?"

"काढ्याने नुकसान काही नाही झालं."

त्या उठल्या. मला वाटलं, टोपी काढून घेणार. मी आपणहून डोक्याला हात लावला. त्यांनी तो हात खाली केला.

"टोपी ऱ्हाऊ द्या डोक्यावर, जावईबापू, तिथं दुसरं काय नाय. टॉवेल इकडं द्या. पोराला तोंडाला बांधाया व्हईल. तुमना काय भरोसा शे!"